गाडीत घट बसवले

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार. शिरूर

हिशोबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात आणि वही रद्दीत जाते. यंदा वाया घालवायची नाहीत. पुढून मीठ-मिरची, मागून मनातलं.

संध्याकाळी मल्हारी कंपनीतून आला, बूट काढता काढता म्हणाला, "आई, रविवारी भंगारवाला येतोय. गाडीचं ठरवून टाकलं मी." ज्या पोरानं त्या गाडीला आजवर एक फडकं मारलं नाही, त्यानं ठरवलं! तव्यावरची भाकरी करपली. करपलेली मीच खाल्ली, पण उत्तर दिलं नाही. उत्तर असं बोलून द्यायचं नसतं.

गाडी म्हणजे काय, ते लिहून ठेवते. एका ट्रस्टचा फिरता दवाखाना होता. हे एसटीतून रिटायर झाले तेव्हा लिलावात घेतली. पेशंटच्या बाकड्यांचा आता पलंग आहे, औषधांच्या कपाटात माझे डबे, डॉक्टर हात धुवायचे ते बेसिन आमच्या भांड्यांना. खिडक्यांना माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे. लग्न झाल्यावर आधी सासूबाईंचं घर, मग डेपोमागची भाड्याची खोली, आता हा मुलाचा बंगला. त्यात आमची जागा हॉलमधल्या दिवाणावर, टीव्ही बंद झाला की. डबा जिथं ठेवला तिथंच सापडेल अशी ही गाडी माझी पहिली जागा. ती भंगारात?

सूनबाईंचंही असेल त्यात काही. मागच्या महिन्यात स्वप्नालीनं गाडीत लावायला घड्याळ आणलं. त्याचे आकडे बशीएवढे. आम्ही एवढे म्हातारे झालो का गं? घड्याळ लावलं, आलेली वस्तू परत करत नाही मी. पण टोमणा कळला.

ह्यांना म्हटलं, रविवारच्या आत निघायचं. नवरात्रात तुळजापूर. दोन वर्षं म्हणतोय. हे म्हणाले, "पितृपंधरवडा चालू आहे." उभ्या आयुष्यात ज्यांनी राहुकाळ पाहिला नाही, त्यांना आज पितर आठवले.

६ ऑक्टोबर, बुधवार. दौंडच्या अलीकडं, माळावर

निघालो खरे. पोचलो नाही.

सकाळी देवापुढं नारळ फोडला, गाडीला लिंबू-मिरची बांधली. शेजारची कुशाबाई कंपाउंडला टेकून उभी. "पितरांच्या दिवसांत कुणी घर सोडतं का, रतन?" म्हटलं, "पितर आमचे आहेत, दरवर्षी घास घालते त्यांना. आमची वाट अडवायला ते काय तुझे आहेत?" कुशाबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. आई भवानी, क्षमा कर. पण बरं वाटलं.

न्हावऱ्यापर्यंत झकास आलो. हे गाडी रस्त्याच्या मधोमध चालवत होते आणि मला सारखं "बोर्ड वाच", "पुढं काय आहे ते सांग". म्हटलं, ह्या रस्त्यानं तीस वर्षं एसटी नेली, अजून बोर्ड वाचायचे? म्हणाले, "मॅट्रिक झालीस ती काय डबे मोजायला?" मी हसले आणि वाचत राहिले. पुढं कडब्याच्या एका गंजीला त्यांनी असा हॉर्न दिला की जणू बैलगाडी आडवी आली आहे. एसटीच्या माणसाचा हात हॉर्नवरच असतो.

जळका वास मला आला. वाफही मलाच दिसली. समोर पाहिलं तर काटा लाल पट्टी ओलांडून पार टोकाला. बसल्या जागेवरून आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस, त्याला नाकासमोरचा काटा दिसू नये! म्हणाले, "तुझ्या गप्पांत लक्ष गेलं." म्हणजे बोर्ड वाचायला लावायचे आणि वर गप्पांचं नाव.

इंजिनात पाणी फिरवणारा पंप गेला. त्याचा दांडा खडखडतो आणि पाणी ठिबकतं. उतार होता म्हणून गाडी आपसूक रस्त्याखाली ह्या माळावर येऊन थांबली, एका मेंढवाड्यासमोर. वाड्यातून डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बाई आली. गाडीवर दोनदा रंग मारला तरी दवाखान्याची लाल खूण उन्हात उमटते, तिच्याकडं बघत म्हणाली,

"डाक्टर हाय का आत? दोन मेंढरं ढाळत्यात माझी."

"डॉक्टर नाही हो. आम्ही राहतो ह्यात."

"ह्यात?" तिनं आत डोकं घातलं. कपाट बघितलं, बेसिन बघितलं, देवघर बघितलं. "बरं हाय की. भाडं न्हाई, शेजारीण न्हाई. मग हितं का थांबलाय?"

"बंद पडली."

"मग ऱ्हावा. माळ माझाच हाय. मोटर चालू असती तवा पाणी भरून घ्या."

रंगुबाई नाव. नवरा नाही, मेंढरं आणि थोडी शेती एकटी बघते. मेंढरांना ओव्याचं पाणी सांगितलं. डॉक्टर नसले तरी एवढं येतं मला.

७ ऑक्टोबर, गुरुवार

हे दुधाच्या टेम्पोतून दौंडला गेले. दुकान दुकान फिरले. ही गाडी बनवणारी मद्रासची कंपनीच बंद झाली म्हणतात, सुटे भाग येणार कुठून? एका दुकानदारानं "हा बसेल" म्हणून कुठला तरी पंप दिला, तो घेऊन संध्याकाळी परत आले. आमच्या पंपाला तीन बोल्टांची भोकं, ह्याला चार! मी लांबून सांगितलं. म्हटलं, घेताना बघितलं नाही का? तर माझ्यावर ओरडले. "बघितलं म्हणजे काय, डोळे फाडून बघायचं?" हा माणूस ओरडणारा नाही. तीस वर्षांत एक अपघात नाही की एका पॅसेंजरला उलट शब्द नाही, डेपोनं बिल्ला दिला आहे त्याबद्दल.

दुकानदार परत घेणार नाही. वहीच्या पुढच्या, हिशोबाच्या पानावर तो आकडा लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

९ ऑक्टोबर, शनिवार. सर्वपित्री अमावास्या

गाडीच्या टपावर पितरांना पान वाढलं. कावळा लगेच शिवला. कुशाबाईला बघायला आणायला पाहिजे होतं.

दुपारी मल्हारी मोटारसायकलवरून आला. ह्यांनी बूथवरून फोन केला होता वाटतं, मला बोलले नाहीत. उभ्यानंच सुरू झाला.

"आई, झाली ना हौस? भंगारवाला म्हणतो तो इथून ओढून नेईल. सोमवारी नाहीतर मंगळवारी ट्रॅक्टर आणतो. तुम्ही माझ्याबरोबर घरी चला."

"तुळजापूर राहिलं आहे."

"मी नेतो ना एसटीनं! आप्पांनी आता गाडी चालवू नये, एवढंच म्हणणं आहे माझं."

"का? हात मोडले की पाय?"

तो ह्यांच्याकडं बघायला लागला. हे चाकाशी बसून मातीत रेघा मारत होते. बापलेकांचं आधीच काही ठरलं असावं असा मला दाट संशय आला.

म्हटलं, "मल्हारी, उद्या घट बसतात."

"बसू दे. शिरूरला बसव."

"शिरूरला तुझे घट आहेत, सूनबाई बसवेल. माझे माझ्या घरात बसतील. आणि एकदा बसले की दसऱ्यापर्यंत जागेवरून हलवायचे नाहीत, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे."

"गाडीत कुणी घट बसवतं का?"

"घरात बसवतात. हे घर आहे."

रंगुबाई मागं शेणी थापत होती, ती खुदकन हसली. मल्हारी किक मारून निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. त्याच्या वाटचा मी घेतला.

१० ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

गाडीत देवघराखाली बसवले. रंगुबाईनं तिच्या वावरातली काळी माती आणून दिली, पत्रावळीवर पसरली, सात धान्यं पेरली. मध्ये मातीचा घट, त्यावर नारळ, पहिली माळ झेंडूची. अखंड दिवा बेसिनच्या आडोशाला ठेवला, तिथं वारा लागत नाही. डॉक्टरांनी बेसिन चांगल्या जागी बसवलं होतं.

चाकांना पुढून-मागून दगड लावले. आता बोला.

हे आरतीला उभे होते. कापूर पेटवताना काडी दोनदा भलतीकडं नेली. वारा नव्हता.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आले. ट्रॅक्टर, साखळदंड, भंगारवाला आणि त्याच्यामागं मल्हारी. भंगारवाला चांगला धिप्पाड, गळ्यात जाड चेन. मी पायरीवर बसून राहिले. उपास होता, उठून भांडायला अंगात जोर नव्हता आणि जरूरही नव्हती.

"मावशी, जरा उतरा खाली. आतलं सामान काढून घ्या."

"सामान काढता येईल. आत या आणि ती काय बसली आहे तिला विचारा, उठते का."

त्यानं आत डोकावलं. दिवा, माळ, आणि मातीतून वर आलेले कोंभ. एवढा मोठा माणूस, त्यानं चपला काढल्या, दोन्ही कानांना हात लावले आणि मल्हारीवर उलटला.

"मालक, आधी सांगायचं नव्हतं व्हय? माझ्याबी घरी घट हायेत. माझ्या आईला कळलं तर मला जेवू घालायची न्हाई ती."

"अहो, गाडी आहे ती! तुम्हाला पैसे..."

"पैसं ऱ्हाऊ द्या. दसरा झाल्यावर सांगा. मावशी, परसाद हाय का?"

खडीसाखर दिली. ट्रॅक्टरवाल्यालाही दिली. साखळदंड आला तसा गेला.

मल्हारीनं जाताना स्वप्नालीनं दिलेली पिशवी ठेवली. साबुदाणा, वरई, राजगिऱ्याचे लाडू, आणि एक डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. "आप्पांना दे, धुळीसाठी आहे," म्हणाला. माझ्या गाडीत धूळ! दिवसातून दोनदा झाडते मी. सूनबाईंनी तेवढंही सोडलं नाही. साबुदाणा मात्र चांगला होता, खडा नाही.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, "देऊन टाकली असती तर बरं झालं असतं, रतन." मला वाटलं कान वाजले. लिलावाच्या दिवशी लहान पोरासारखा नाचत आला होता हा माणूस. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं आहे.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

ह्यांचं "मिळत नाही, मिळत नाही" ऐकून कंटाळले. पंप त्यांनी पहिल्याच दिवशी खोलून ठेवला होता. राख-चिंच लावून घासला, पिशवीत घातला आणि एसटीनं मीच दौंडला गेले. घटाजवळ रंगुबाईला बसवलं, दिव्यात तेल बघायला.

तीन दुकानं फिरले. पहिला "नाही" म्हणाला. दुसरा म्हणाला, "आजी, मिक्सरचा आहे का?" तिसऱ्यानं स्टेशनपलीकडं कोंडिबा मिस्त्रीकडं पाठवलं. त्याचं लेथ मशीन आहे, लोखंड कातून भाग बनवून देतो. तोंडात तंबाखू, मशीन चालू, माझ्याकडं न बघताच त्यानं हात पुढं केला. पंप हातात पडल्यावर बघितलं.

"बाई, ही काय पितळी तपेली हाय? लग्नात द्यायचीय का?"

"घाण होता म्हणून घासला."

"तेलाचं डाग बघून आम्हाला रोग कळतो. तुम्ही त्याला आंघोळ घातली." मग पंप फिरवून बघितला आणि थांबला. "थांबा. तीन बोल्टांचा. म्हातारं माणूस आलं होतं मागल्या आठवड्यात, एसटीचं."

"आमचेच हे."

"त्यांना तवाच सांगितलं मी. पंपाचं बाहेरचं घर चांगलं असंल तर नवा दांडा कातून देतो, दुसऱ्या गाडीचं बेरिंग बसवतो, पंप आणून द्या. व्हय म्हणाले. आलेच न्हाईत."

मी तिथल्या ड्रमवर बसले. एक आठवडा! दुसऱ्याच दिवशी झालं असतं काम. आणि हे रोज "दौंडला जाऊन आलो, नाही मिळाला".

मजुरीवर घासाघीस करायचंही सुचलं नाही, यावरून काय ते समजावं. कोंडिबा म्हणाला, "शनिवारी मीच येऊन बसवतो. सोमवारी खंडेनवमी, माझी हत्यारं पूजेला बसली की मग दसऱ्याच्या पूजेपतूर पान्याला हात न्हाई लावायचा."

परतीच्या एसटीत सारं लख्ख झालं. बापलेक मिळालेले आहेत. भंगारवाल्याचं आधीच ठरलं होतं. मला वेड्यात काढून गाडी विकायची, आणि मी इकडं मूर्खासारखी माळा वाहत बसले.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं. "कोंडिबा मिस्त्री कोण?" म्हटलं.

उठले. वाड्याकडं जाऊन मेंढरांत बसले.

आई, तुझ्यापुढं सांगते, मी ह्यांना माफ करणार नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार

पंप बसला. गाडी सुरू झाली. आणि मी जे समजत होते ते सगळं खोटं निघालं. क्रमानं लिहिते.

कोंडिबा दुपारी आला. त्यानं पंप चढवला, बोल्ट आवळले. मी बजावलं, इंजिन चालू करा पण चाक तसूभर हलायचं नाही. घटाला दोन्ही हात लावून मी आत बसले. इंजिन सुरू झालं तशी सगळी गाडी थरथरली, कोंभ लवलव हलले, नारळ जागेवर राहिला. मी मोठ्यानं "आई राजा उदो उदो" म्हटलं. बाहेर रंगुबाईनंही म्हटलं. कोंडिबा ओरडला, "उदो मागनं करा, पाणी टाका, पाणी!"

हे घागर घेऊन पुढं झाले. मी दारातून बघत होते. रेडिएटरचं तोंड उघडं, वीतभर अंतरावर. ह्यांनी घागर तिरपी केली आणि पाणी सगळं कोंडिबाच्या सदऱ्यावर.

"आप्पा, त्वांड हितं हाय, माझं न्हवं!"

सगळे हसले. हेही हसले. पण हसताना त्यांचा डावा हात पत्र्यावरून फिरत ते तोंड शोधत होता. बोटं पुढं, मग जरा मागं, मग कडेला.

मी ती बोटं बघत राहिले.

कोंडिबा गेल्यावर मी एक वाईट गोष्ट केली. गाडीपासून थोड्या अंतरावर, त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. आवाज न करता. ते हाक मारत होते, "रतन! अगं, कुठं गेलीस?" मान फिरवून फिरवून बघत होते. मी तिथंच होते. भर उन्हात, हिरव्या लुगड्यात.

मग बोलले. काचबिंदू. डाव्या डोळ्यानं काही नाही. उजव्यानं नळीतून बघावं तसं, मधलं दिसतं, कडेचं जातं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधानं टिकलं तर टिकलं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी चैत्रातच सांगितलं. तिथं त्यांना कोण घेऊन गेलं होतं? स्वप्नाली. तिला ह्यांनी शपथ घातली होती. पण आम्ही तुळजापूर तुळजापूर करायला लागल्यावर तिला राहवलं नाही, तिनं मल्हारीला सांगितलं. म्हणून भंगारवाला.

"गाडी बंद पडली ना," हे म्हणाले, "तेव्हा मी आईला हात जोडले, रतन. म्हटलं, वाचवलंस. माझ्या हातून कुणी मेलं असतं."

मी स्वयंपाकाला लागले. दुसरं काय करणार होते?

१७ ऑक्टोबर, रविवार

झोप नाही. राग कुणावर धरायचा तेच कळेना, म्हणून सगळ्यांवर धरला. नवऱ्याच्या डोळ्यांचं सुनेला ठाऊक, मुलाला ठाऊक, मला नाही!

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू स्वतः गाडी विकायला काढली असतीस. माझ्यासाठी. आणि पुन्हा त्या दिवाणावर जाऊन निजली असतीस, तोंडातून ब्र न काढता."

 तसंच केलं असतं मी.

रंगुबाई ताक घेऊन आली. सगळं ऐकून होती, वाडा काही लांब नाही. पायरीवर बसून म्हणाली, "मग आता इकायची का?"

"चालवणार कोण?"

"तुझं डोळं गेल्यात का?"

"मी?"

"माझा मालक वारला तवा शे-दीडशे मेंढरं हुती. सगळी म्हणली, इकून टाक, बाईमाणसाला न्हाई आवरायची. मेंढरांना चार चार पाय आन् परतेकाचं डोकं येगळं. तुझ्या गाडीला तर एकच डोकं, आन् तेबी तू फिरवशील तिकडं फिरतंय."

हे मोठ्यानं हसले. किती दिवसांनी. मला त्या हसण्याचा राग आला आणि तिथंच ठरलं.

"हसायला काय झालं? पंचावन्न वर्षांची आहे, नव्वदची नाही. तुम्ही शिकवा."

"अगं, घट बसलेत. गाडी हलवायची नाही म्हणून तूच दगड लावलेस चाकांना."

"न हलवता शिकवा."

मग दिवसभर तेच. इंजिन बंद, चाकांना दगड, मी स्टेअरिंगवर आणि हे डावीकडं. डोळे मिटून शिकवतात. म्हणतात, उघडे ठेवले की गडबड होते. माझा हात गिअरवर, माझ्या हातावर त्यांचा. पहिला, दुसरा, मध्ये आणून तिसरा. गिअरचा कर्र आवाज आला की "रडवलंस त्याला". क्लच कसा सोडायचा ते कळेना, तेव्हा म्हणाले, "दूध वर यायला लागलं की स्टोव्ह कसा कमी करतेस? झटकन बंद करत नाहीस ना?" तेव्हा कळलं. संध्याकाळी डावा गुडघा असा धरला की आरतीला उभं राहवेना. बसून म्हटली. देवीनं बघितलं आहे कशानं दुखतो ते.

१८ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

पाने, जॅक, हातोडी पूजेला बसवले. मल्हारीच्या बापाचा बिनअपघाताचा बिल्लाही ठेवला. त्यांनी उचलून बाजूला ठेवला, मी परत ठेवला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा उचलला नाही.

गिअरची उजळणी मनातल्या मनात केली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

सकाळी घट उठवले. कोंभ चांगले बोटभर, पिवळेधम्मक. ह्यांच्या टोपीत खोवले, रंगुबाईच्या कानाला, आणि एक जुडी स्टेअरिंगला बांधली. हत्यारांना फुलं वाहून पूजा उठवली. चाकांचे दगड काढले.

माळ रंगुबाईचा. कुणाचा रस्ता नाही, पोलीस नाही. मी चढून बसले, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि तेवढ्यात मोटारसायकल आली. मल्हारी, मागं स्वप्नाली, तिच्या हातात आपट्याची पानं आणि जेवणाचा डबा.

मल्हारीला काही क्षण समजलंच नाही. मग धावत आला.

"आई! खाली उतर! वेडी झालीस का तू?"

"पानं द्यायला आलास ना? दे. सोनं घे, सोन्यासारखा राहा."

"आप्पा, तुम्ही तरी सांगा तिला! लायसन्स आहे का? उद्या आपटलीस कुठं तर?"

"माळावर लायसन्स लागत नाही. रस्त्यासाठी पुण्याला जाऊन काढणार आहे. मॅट्रिकचा दाखला पेटीत आहे, वयाचा पुरावा म्हणून चालतो. चौकशी झाली माझी."

"काय गरज आहे ह्या सगळ्याची? घर नाही का आपलं? आम्ही तुम्हाला जड झालो का?"

हे त्यानं असं विचारलं की चावीवरचा हात मी काढून घेतला. पोरगा वाईट नाही माझा. पण मी म्हटलं, "तुझं घर आहे, मल्हारी. येऊ आम्ही. दिवाळीला येऊ, पाहुण्यासारखे, चार दिवस. त्या दिवाणावर चार दिवस छान झोप लागते."

तो गाडीसमोर जाऊन हात पसरून उभा राहिला. लहानपणी पतंगाला पैसे दिले नाहीत की असाच दारात उभा राहायचा.

"अहो, व्हा बाजूला," स्वप्नाली म्हणाली. त्याचा दंड धरून तिनं त्याला ओढलं. माझ्या बाजूनं बोलली की नवऱ्याच्या जिवाला जपून, ते काही मला कळलं नाही. मग ह्यांच्या खिडकीशी आली. "आप्पा, सकाळचे थेंब घातले का?" हे म्हणाले, "नाही गं." तिनं पिशवीतून दुसरी बाटली काढली, तिथंच त्यांची मान मागं करून थेंब घातले आणि बाटली घड्याळाखालच्या फळीवर ठेवली. "आई, ते घड्याळ बरोबर समोर लावलंत. दिसतं त्यांना तिथून." मी हो म्हटलं. समोर मी लावलं होतं ते खिळा तिथं आधीचाच होता म्हणून.

चावी फिरवली. गाडी पुढं उडी मारून बंद पडली. मल्हारीनं डोक्याला हात लावला. पुन्हा. पुन्हा बंद. रंगुबाई वाड्याच्या दारातून ओरडली, "दूध उतू गेलं गं, रतन!" तिसऱ्यांदा क्लच जपून सोडला आणि सगळं घर, डबे, देव, पलंग, पडदे, माझ्यामागून हललं. हललं ते थांबेना. पहिला गिअर. दुसरा, कर्र न करता. माळाच्या टोकाला रंगुबाईच्या वावराचा जुना बांध आहे, मातीत बसलेला, त्यावरून पुढची चाकं गेली, मग मागची. कपाटात भांडी वाजली. मागं मल्हारी काहीतरी ओरडत होता, ते ऐकायला मला वेळ नव्हता.

हे मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. "डावीकडं घे आता."

"डावीकडं मेंढरं आहेत."

"कुठं?"

"आहेत. मला दिसतात."

मी ब्रेक दाबला. क्लच विसरले. इंजिन गचकन बंद पडलं. मेंढरं आमच्या नाकासमोरून एकेक करत गेली, शेवटचं एक लंगडं होतं, तेही गेलं.

"पुन्हा चालू कर," हे म्हणाले.

मी केली.